फौंड्रीतील धूळ, गूळ आणि १९९४ मधील एक शोधनिबंध

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी मोबाइल हातात घेऊन प्रयोगशाळेत आली. तिचे वडील शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत फेटलिंगचे काम करतात, म्हणजे ओतकाम झालेल्या भागांवर चिकटून राहिलेली वाळू आणि जादा धातू घासून काढतात. त्यांच्या कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एक संदेश फिरत होता. रोज गुळाचा एक खडा खाल्ला की फुप्फुसात साचलेली धूळ बाहेर पडते आणि हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे, असे त्यात लिहिले होते. "सर, पप्पा म्हणतात, मास्क लावला की जीव गुदमरतो, त्यापेक्षा गूळ बरा. हे खरं आहे का?" असा तिचा सरळ प्रश्न होता.

कोल्हापुरात गुळाविरुद्ध बोलण्याची कोणाची इच्छा नसते आणि माझीही नव्हती. परंतु प्रश्न गुळापेक्षा धुळीचा होता. मोल्डिंगच्या वाळूत सिलिका असते, तिचे डोळ्यांना न दिसणारे कण श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात आणि त्यातून सिलिकोसिस होतो. हा आजार बरा करणारे औषध आजही उपलब्ध नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली स्फटिकी सिलिकाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. म्हणजे तो संदेश चुकीचा असेल आणि त्यावर विसंबून कोणी मास्क बाजूला ठेवत असेल, तर त्याची किंमत फुप्फुसांनी मोजावी लागते. म्हणून आम्ही दोघे त्या दुपारी संगणकासमोर बसलो आणि त्या एका वाक्याचा माग काढत गेलो. विज्ञानाविषयीची खात्रीची माहिती इंटरनेटवर कशी शोधावी, हे समजावून सांगण्यासाठी मला त्या दुपारीपेक्षा चांगले उदाहरण सापडत नाही.

पहिल्यांदा तिने संदेशातील वाक्य जसेच्या तसे गूगलमध्ये टाकले. आरोग्याच्या टिप्स देणारी पाने मराठी, हिंदी आणि इंग्रजीत भराभर समोर आली. सगळ्यांत तेच वाक्य थोड्याफार फरकाने होते आणि त्यामुळे तिला वाटले की इतक्या ठिकाणी लिहिले आहे म्हणजे ते खरेच असणार. इथे मी तिला पुराची आठवण करून दिली. पंचगंगेला पाणी चढू लागले की "पाणी लई वाढलंय म्हणे" एवढ्यावर कोल्हापूरकराचे समाधान होत नाही. राजाराम बंधाऱ्यावर किती वाजता किती फूट किती इंच पातळी होती, हे त्याला हवे असते, कारण ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे त्याला पाठ असते. शंभर जणांनी शंभर गटांत तोच आकडा पुढे ढकलला तरी मोजमाप एकदाच, एकाच पट्टीवर झालेले असते. विश्वास ठेवायचा तो त्या पट्टीवर. वैज्ञानिक माहितीचेही तसेच आहे. एखादे संकेतस्थळ दिसायला किती नीटनेटके आहे यापेक्षा, तिथल्या विधानावरून मागे मागे चालत गेल्यास आपण प्रत्यक्ष मोजमापापर्यंत पोहोचतो की नाही, हे महत्त्वाचे असते. कोणी मोजले, कुठे, कधी, कशावर आणि ते कोणी तपासले, ही पाच उत्तरे जिथे मिळतात तो स्रोत कामाचा. त्या टिप्सच्या पानांवर यातले एकही उत्तर नव्हते.

विज्ञानात ही मोजमापाची पट्टी म्हणजे मूळ शोधनिबंध. संशोधकाने काय केले, कसे केले आणि काय आढळले हे तो निबंधात लिहितो आणि शोधपत्रिकेकडे, म्हणजे जर्नलकडे, पाठवतो. संपादक तो निबंध त्याच विषयातील इतर तज्ज्ञांकडे छाननीसाठी देतो. ते शंका काढतात, जास्तीचे प्रयोग मागतात, कधी निबंध साफ नाकारतात. याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. शोधपत्रिकांची परंपरा १६६५ साली लंडनमध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकापासून चालत आली आहे, परंतु आजच्यासारखी पद्धतशीर छाननी त्यानंतर फार उशिरा रुळली. या छाननीकडून अवाजवी अपेक्षाही ठेवू नये. परीक्षक प्रयोग पुन्हा करून पाहत नाहीत. समोर लिहिलेले तर्काला आणि पद्धतीला धरून आहे का, एवढेच ते पाहतात. मूळ आकडेच कोणी बनवलेले असतील, तर ते बहुधा त्यांच्या नजरेतून सुटतात.

आता शोध कुठे आणि कोणत्या शब्दांनी घ्यायचा? हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण माझ्या अनुभवात निम्मे विद्यार्थी इथेच अडतात. शोधनिबंध बहुतांशी इंग्रजीत असतात, त्यामुळे आधी नेमकी इंग्रजी संज्ञा माहीत करून घ्यावी लागते. त्यासाठी वाईहून सिद्ध झालेला मराठी विश्वकोश फार उपयोगी पडतो. तो आता इंटरनेटवर मोफत वाचता येतो आणि त्यातील नोंदीत मराठी संज्ञेसोबत तिचा इंग्रजी पर्यायही अनेकदा मिळतो. गुळाला इंग्रजीत 'जॅगरी' म्हणतात हे सर्वांना ठाऊक असते. मात्र आंतरराष्ट्रीय लेखनात तो 'नॉन-सेंट्रिफ्यूगल शुगर' या नावाने येतो, म्हणजे यंत्राने गरगर फिरवून मळी वेगळी न काढलेली साखर, आणि दक्षिण अमेरिकेतील कोलंबियात त्यालाच 'पॅनेला' म्हणतात. 'जॅगरी' एवढाच शब्द टाकणाऱ्याला यातले बरेच संशोधन दिसत नाही. 'फुप्फुस साफ होणे' हेही विज्ञानाच्या भाषेत कोणी लिहीत नाही; तिथे 'लंग', 'डस्ट', 'सिलिका', 'पार्टिकल' असे शब्द जोडून पाहावे लागतात.

हे शब्द आम्ही दोन ठिकाणी टाकले. पहिले पबमेड. ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची १९९६ पासून चालू असलेली मोफत सूची आहे आणि तिच्यात वैद्यक व जीवशास्त्राच्या साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. तिच्यातील बहुतेक नोंदी निवड करून घेतलेल्या शोधपत्रिकांच्या असतात. दुसरे गूगल स्कॉलर, जे २००४ साली सुरू झाले. त्याचा पसारा फार मोठा आहे आणि अर्थशास्त्रापासून अभियांत्रिकीपर्यंत सगळे तिथे सापडते, परंतु तिथे माणूस बसून निवड करत नाही. शोधनिबंधासारखे दिसणारे काहीही संगणक उचलून घेतो. गूगल स्कॉलरवर सापडले म्हणजे ते तपासलेले आहे, हा आमच्या विद्यार्थ्यांमधला सर्वांत पक्का गैरसमज आहे आणि काही शिक्षकांमधलासुद्धा.

पबमेडवर 'जॅगरी' आणि 'लंग' हे दोन शब्द एकत्र टाकल्यावर थोड्याच नोंदी आल्या आणि त्यांत आम्हाला हवे होते ते मिळाले. १९९४ साली 'एन्व्हायर्नमेंटल हेल्थ पर्स्पेक्टिव्ह्ज' या शोधपत्रिकेच्या पुरवणी अंकात लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातील दोन संशोधकांचा छोटासा निबंध आहे. संस्था सरकारी, सीएसआयआरची, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची. शोधपत्रिका अमेरिकेच्या सरकारी पर्यावरणीय आरोग्य संस्थेने चालवलेली आणि नावाजलेली. संपूर्ण निबंध मोफत वाचता येतो. म्हणजे संदेशात म्हटलेले 'शास्त्रज्ञ' खरोखर अस्तित्वात होते. त्या क्षणी विद्यार्थिनीचा चेहरा उजळला आणि मलाही बरे वाटले, कारण हवेतून आलेले वाटणारे वाक्य आम्ही त्याच्या उगमापाशी आणून सोडले होते. मात्र निबंध सापडणे आणि निबंध वाचणे यांत पुष्कळ अंतर असते.

आम्ही सारांश हळूहळू, एकेक वाक्य मराठीत करत वाचला. धुळीत आणि धुरात काम करणाऱ्या कामगारांनी गूळ खाल्ला तर त्यांना त्रास होत नाही, असे पाहण्यात आल्याने हा अभ्यास हाती घेतला, असे संशोधक सुरुवातीलाच सांगतात. परंतु प्रयोग कामगारांवर झाला नव्हता, तो उंदरांवर झाला होता. उंदरांच्या श्वासनलिकेत कोळशाची आणि सिलिकाची धूळ सोडली गेली आणि त्यांना दररोज अर्धा ग्रॅम गूळ, आठवड्यातून ५ दिवस, असा ९० दिवस दिला गेला. गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांतील कोळशाचे कण श्वासनलिकेजवळच्या लसिकाग्रंथींकडे, म्हणजे लहान गाठींकडे, जास्त प्रमाणात सरकलेले आढळले आणि कोळशामुळे फुप्फुसांना झालेली इजाही कमी दिसली. सिलिकामुळे झालेल्या इजेत काही बदल झाल्याचे संशोधकांनी नोंदवले.

"सर, म्हणजे धूळ बाहेर पडली नाही, नुसती गाठीत गेली?" तिने विचारले. संदेशातील 'बाहेर पडते' हा शब्द निबंधात कुठेच नव्हता. कण फुप्फुसातून हलले होते, पण शरीरातच राहिले होते. तीस वर्षांत हा निबंध एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरत गेला आणि वाटेत कुठेतरी 'उंदीर' गळाला, 'कोळसा' गळाला, 'सरकले' याचे 'बाहेर पडले' झाले आणि 'उपयुक्त ठरण्याची शक्यता' याचे 'सिद्ध केले आहे' झाले. यात कोणी मुद्दाम खोटे बोलले असेलच असे नाही. प्रत्येक हाताने थोडे थोडे सोपे केले, एवढेच.

मात्रेचा हिशेबही तिने स्वतः मांडला. उंदराचे वजन साधारण दोनशे ग्रॅम धरले, तर अर्धा ग्रॅम म्हणजे वजनाचा चारशेवा भाग, आणि साठ किलोच्या माणसाला त्याच प्रमाणात दीडशे ग्रॅम गूळ रोज खावा लागेल. प्राण्यांवरची मात्रा माणसाला अशी सरळ गुणाकाराने लावत नाहीत. चयापचयाचा वेग वेगळा असल्याने माणसासाठी ती बरीच कमी धरली जाते. तरीही ती लहानशा खड्यापुरती उरत नाही, आणि गूळ हा बहुतांशी सुक्रोजच, म्हणजे साखरच असल्याने मधुमेह असलेल्या कामगारासाठी ही साधी गोष्ट राहत नाही.

यानंतर आम्ही पुढच्या दिशेने गेलो. गूगल स्कॉलरवर प्रत्येक निबंधाखाली, नंतरच्या किती निबंधांनी त्याचा उल्लेख केला, हा आकडा असतो आणि त्यावर टिचकी मारली की ती यादी उघडते. निबंध जुना असेल तर ही यादी पाहणे मला अनिवार्य वाटते, कारण मूळ निष्कर्ष पुढे कोणी पडताळला की खोडला, हे तिथेच कळते. आम्ही चाळलेले प्रयोग पुन्हा प्राण्यांवरचेच होते आणि फौंड्री कामगारांच्या एका गटाला गूळ देऊन आणि दुसऱ्या गटाला न देऊन केलेली चाचणी आमच्या शोधात आढळली नाही. पुराव्याला अशा पायऱ्या असतात. परीक्षानळीतील प्रयोग, मग प्राणी, मग माणसांचे निरीक्षण, मग चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी आणि सर्वांत वर, अशा अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा. असे आढावे करण्यासाठी १९९३ साली स्थापन झालेली कॉक्रेन ही संस्था ओळखली जाते आणि तिच्या आढाव्यांना साध्या भाषेतला सारांश जोडलेला असतो, त्यामुळे वैद्यकीय प्रश्न असेल तर मी विद्यार्थ्यांना प्रथम तिथेच पाठवतो. गुळाचा निबंध दुसऱ्या पायरीवर थांबलेला होता. त्या पायरीवर तो प्रामाणिक होता. संदेशाने त्याला शेवटच्या पायरीवर नेऊन बसवले होते.

आमचा निबंध मोफत होता, पण पुष्कळदा निबंधाच्या दारात पैशाची मागणी उभी असते. तिथून परत फिरण्याची गरज नसते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला मंजुरी दिली आणि ३ वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद केली. तिच्यातून ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० शोधपत्रिका सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांना २०२५ पासून खुल्या होऊ लागल्या. शिवाजी विद्यापीठातील बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जाऊन आपल्याला काय काय उघडता येते, हे तिथल्या ग्रंथपालांना विचारावे. ग्रंथपालाला विचारणे ही शोधाची सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत जलद पायरी आहे. जे खासगी महाविद्यालयात आहेत किंवा कोठेच नाहीत, त्यांच्यासाठी 'अनपेवॉल' हे ब्राउझरला जोडायचे साधन आहे, जे निबंधाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असल्यास दाखवते. तेही न जमल्यास निबंधावर दिलेल्या पत्त्यावर लेखकाला दोन ओळींचे नम्र ईमेल पाठवावे. आपले काम कोणीतरी वाचते आहे याचा संशोधकाला आनंदच होतो आणि प्रत बहुधा मिळते. भारतातील पीएचडीचे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा' या भांडारात वाचता येतात आणि कृषी विद्यापीठांचे 'कृषिकोश'वर. ऊस आणि गूळ यांविषयी शोधणाऱ्याने कृषिकोश जरूर पाहावा. प्रबंधाचे निष्कर्ष जपून घ्यावेत, पण त्याच्या शेवटची संदर्भसूची म्हणजे आयती वाट असते.

आता खोट्या शोधपत्रिकांविषयी, कारण हे दुखणे मी स्वतः भोगले आहे. काही वर्षांपूर्वी पदोन्नतीसाठी निबंध हवा होता आणि एका भारदस्त, आंतरराष्ट्रीय वाटणाऱ्या नावाच्या शोधपत्रिकेचे आमंत्रण ईमेलने आले. मी निबंध पाठवला, चौथ्या दिवशी तो स्वीकारल्याचे कळले आणि परीक्षकांचा एकही शब्द न येता फक्त पैसे भरण्याची पावती आली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी पैसे भरले. दीड वर्षाने ते संकेतस्थळच बंद झाले आणि माझा निबंध कुठेही उरला नाही. त्यात माझ्या एका विद्यार्थ्याचे वर्षभराचे काम होते, याची बोचणी अजून गेलेली नाही. असे प्रकार किती पसरलेले आहेत, हे 'सायन्स' नियतकालिकाच्या एका पत्रकाराने २०१३ साली दाखवून दिले. ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला बनावट निबंध त्याने लेखकाकडून पैसे घेणाऱ्या ३०४ मुक्त, म्हणजे वाचकाला मोफत असलेल्या, शोधपत्रिकांना पाठवला आणि १५७ शोधपत्रिकांनी तो स्वीकारला. यावरून मुक्त शोधपत्रिका म्हणजे वाईट असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. त्यातल्या कित्येक उत्तम आहेत आणि २००३ पासूनची 'डीओएजे' ही सूची त्यांचीच छाननी करून यादी ठेवते. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य शोधपत्रिकांची 'केअर' यादी मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली आणि शोधपत्रिका पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली. म्हणून आता प्रत्येकाने स्वतः पाहावे की संपादक मंडळातील माणसे खरी आहेत का, त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर त्यांचे नाव सापडते का, जुने अंक उघडतात का आणि आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, खरोखर त्याच शोधपत्रिकेचा आहे का. प्रसिद्ध शोधपत्रिकेचे नाव चोरून उभारलेली संकेतस्थळेही असतात, त्यामुळे शेवटची तपासणी टाळू नये.

चांगल्या शोधपत्रिकेतला निबंधसुद्धा पुढे मागे घेतला जाऊ शकतो. 'लॅन्सेट'मध्ये १९९८ साली १२ मुलांच्या निरीक्षणावरून गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा निबंध आला आणि तो २०१० मध्ये रद्द झाला. मधल्या १२ वर्षांत पसरलेली भीती आजही काही पालकांच्या मनात आहे. असे मागे घेतलेले निबंध शोधण्यासाठी 'रिट्रॅक्शन वॉच'ची सूची २०२३ पासून सर्वांना मोफत खुली आहे. प्रीप्रिंट, म्हणजे छाननीआधीच ठेवलेला मसुदा, हाही खोटा नसतो, पण कच्चा असतो. बातमीत 'नव्या संशोधनानुसार' असे वाचले की ते प्रीप्रिंट तर नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

शेवटी, त्या दुपारी विद्यार्थिनीने एका चॅटबॉटलाही हाच प्रश्न विचारला. त्याने सुरेख भाषेत उत्तर दिले आणि खाली ३ संदर्भ दिले. आजकाल बहुतेक निबंधांना डीओआय नावाचा कायमचा क्रमांक असतो, जो १० या आकड्याने सुरू होतो आणि डीओआय डॉट ऑर्ग या पत्त्यावर टाकला की मूळ निबंध उघडतो. आम्ही तिन्ही क्रमांक टाकून पाहिले. एक लखनौच्या निबंधाचा होता आणि बरोबर होता, एक वेगळ्याच विषयाच्या निबंधावर गेला आणि तिसरा क्रमांक अस्तित्वातच नव्हता, जरी त्या निबंधाचे शीर्षक आणि लेखकांची नावे अगदी खरी वाटत होती. संज्ञा सुचवायला किंवा अवघड परिच्छेद समजावून घ्यायला अशी साधने मदत करतात, हे मी मान्य करतो. परंतु त्यांनी दिलेला एकही संदर्भ उघडून पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नये.

संध्याकाळी तिने वडिलांच्या गटात पाठवण्यासाठी मजकूर लिहिला आणि मला वाचून दाखवला : "गुळाचा तो अभ्यास खरा आहे, पण तो १९९४ साली लखनौला उंदरांवर झाला होता. त्यात धूळ शरीराबाहेर गेली नव्हती, फुप्फुसातून जवळच्या गाठींकडे सरकली होती. कामगारांवर केलेली चाचणी आम्हाला मिळाली नाही. सिलिकोसिस झाला की बरा होत नाही. गूळ आवडीने खावा, पण त्याच्या भरवशावर मास्क काढू नये. मूळ निबंध खाली दिला आहे."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिच्या वडिलांनी मूळ निबंध उघडून पाहिला नव्हता, पण त्यांनी एक प्रश्न पाठवला होता : तोंडाला रुमाल बांधला तर चालतो का, की वेगळा मास्क लागतो, आणि लागत असेल तर जीव न गुदमरणारा कोणता? आम्ही पुन्हा संगणकासमोर बसलो आणि तिने मला न विचारता पबमेडच्या चौकटीत 'रेस्पिरेबल क्रिस्टलाइन सिलिका' आणि 'फौंड्री' हे शब्द टाइप केले.